डेस्कटॉपवर डिस्प्ले येत नाही? ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का, ते असं तपासा

पीसी चालू केला, कॅबिनेटमधले फॅन फिरतायत, लाईट लागलेत, पण मॉनिटरवर फक्त 'नो सिग्नल'. किंवा गेम सुरू करून दहा मिनिटं झाली की स्क्रीन काळी. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "कार्ड उडालं तुझं."

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मलाही हेच उत्तर मिळालं होतं. गेम चालू केला की माझा पीसी रीस्टार्ट व्हायचा. मी जुनं कार्ड मिळेल त्या भावात विकलं आणि साठवलेले सगळे पैसे घालून नवीन आणलं. घरी येऊन लावलं, गेम सुरू केला, आणि पीसी परत रीस्टार्ट! दोष एसएमपीएसचा, म्हणजे पॉवर सप्लायचा होता. माझं जुनं कार्ड घेऊन गेलेला मुलगा पुढची दोन वर्षं त्यावर आरामात खेळत होता.

म्हणून या लेखात आपण तपासणी एका क्रमाने करणार आहोत. आधी फुकटातल्या तपासण्या, मग स्क्रू ड्रायव्हर लागेल अशा, आणि पैसे खर्च करायची वेळ सगळ्यात शेवटी. एक नियम मात्र पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, रॅम, ड्रायव्हर सगळं एकदम बदललं आणि पीसी चालू झाला, तर नक्की दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

ग्राफिक्स कार्ड नेमकं काय करतं?

तुमच्या मोबाइलमध्येही ग्राफिक्सचा भाग असतो, पण तो प्रोसेसरसोबत एकाच चिपमध्ये बसवलेला असतो. तो बिघडला तर घरी काहीच करता येत नाही. डेस्कटॉपमध्ये मात्र ग्राफिक्स कार्ड हा वेगळा बोर्ड असतो. त्याची स्वतःची चिप, स्वतःची मेमरी (तिला व्ही-रॅम म्हणतात) आणि स्वतःचे फॅन असतात. तो मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमध्ये, म्हणजे पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसतो. म्हणजेच तो काढता येतो, दुसरीकडे लावून बघता येतो. आपली सगळी तपासणी याच सोयीवर उभी आहे.

बऱ्याच प्रोसेसरमध्येही छोटं ग्राफिक्स असतं. त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. तुमच्या प्रोसेसरमध्ये ते आहे का, हे आताच बघून ठेवा, पुढे लागणार आहे:

- इंटेल: नावाच्या शेवटी 'एफ' असेल (उदा. आय ५ १२४००एफ) तर इंटिग्रेटेड ग्राफिक्स नाही. 'एफ' नसलेल्या नेहमीच्या कोअर प्रोसेसरमध्ये ते असतं.
- एएमडी रायझन: ५००० सिरीजपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये फक्त 'जी' वाल्यांत असतं. ५६००जी मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही. ७००० सिरीजपासून बहुतेकांत असतं, पण ७५००एफ सारख्या 'एफ' वाल्यांत नसतं.

आधी लक्षण ओळखा

सगळ्या बिघाडांना "डिस्प्ले गेला" म्हणून चालत नाही. तुमचा पीसी खालीलपैकी कुठे बसतो ते बघा.

- चालू केल्यापासून काहीच दिसत नाही. संशयित: मॉनिटर, केबल, रॅम, कार्ड नीट न बसणं, कार्डाची पॉवर केबल, आणि मग कार्ड.
- स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, रेषा. संशयित: व्ही-रॅम किंवा कार्डाची चिप, जास्त तापमान, केबल, ड्रायव्हर.
- साधं काम व्यवस्थित, पण गेममध्ये पीसी धाडकन बंद किंवा रीस्टार्ट. पहिला संशयित एसएमपीएस, नंतर तापमान, नंतर कार्ड.
- गेममध्ये स्क्रीन काळी होते, पण आवाज चालू राहतो. संशयित: ड्रायव्हर, केबल, कार्ड.
- डिस्प्ले येतो, पण रिझोल्यूशन कमी आणि गेम चालतच नाही. बहुतेक वेळा ड्रायव्हर.

बघितलंत ना? कार्ड जवळजवळ सगळीकडे आहे, पण एकटं कुठेच नाही.

पहिला टप्पा: कॅबिनेट न उघडता

१. केबल कुठे लावलीय ते बघा. हसू नका, ही चूक खूप जण करतात. कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय पोर्ट असू शकतात. यूएसबी पोर्टच्या शेजारी उभ्या पट्टीतला तो मदरबोर्डचा. त्याच्या खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. कार्ड लावलेलं असेल तर केबल कार्डालाच हवी. कार्ड असताना बरेच मदरबोर्ड स्वतःचा पोर्ट आपोआप बंद करतात.

२. मॉनिटरचा सोर्स तपासा. मॉनिटरच्या बटणांनी इनपुट बदलून बघा. केबल एचडीएमआय २ ला आणि मॉनिटर एचडीएमआय १ वर, असं असेल तर 'नो सिग्नल'च येणार.

३. सेट-टॉप बॉक्सची मदत घ्या. तुमचा मॉनिटर आणि तीच एचडीएमआय केबल घरच्या सेट-टॉप बॉक्सला लावा. चित्र आलं तर मॉनिटर आणि केबल दोन्ही बरे आहेत. मग उलटं करा: पीसी टीव्हीला जोडून बघा. दहा मिनिटांत दोन संशयित सुटतात. कार्डावर एकापेक्षा जास्त पोर्ट असतील तर दुसरा पोर्टही वापरून बघा, कारण कधीकधी एखादाच पोर्ट खराब असतो.

४. कॅप्स लॉक दाबा. स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक बटण दोन-तीन वेळा दाबा. त्याचा लाईट चालू-बंद होत असेल तर पीसी आत जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. लाईट अजिबात बदलत नसेल तर पीसी बहुधा सुरूच झालेला नाही किंवा हँग झालाय. अशा वेळी रॅमवर जास्त संशय घ्या.

५. विंडोज चालू असताना स्क्रीन काळी झाली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. चित्र परत आलं तर ड्रायव्हरवर संशय वाढतो.

६. मदरबोर्ड काय सांगतोय ते ऐका. बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे लाईट असतात. पीसी सुरू होताना प्रत्येक भागाची तपासणी होते, आणि ज्याच्याशी अडलं त्याचा लाईट लागून राहतो. डीरॅमचा लागला तर रॅम बघा, व्हीजीएचा लागला तर कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा स्लॉट. बीप वाजत असतील तर त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण तो प्रत्येक बायोसचा वेगळा असतो.

दुसरा टप्पा: कॅबिनेट उघडून

आधी सुरक्षितता. पीसी शटडाउन करा, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा, प्लग काढा. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

१. रॅम काढून परत बसवा. डिस्प्ले न येण्यामागे सैल किंवा मळलेली रॅम असणं खूप कॉमन आहे. दोन स्टिक असतील तर एकेक स्टिक लावून बघा. सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा झटकून टाका. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ते जास्त चांगलं.

२. कार्ड काढून परत बसवा. कॅबिनेटच्या मागचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाचं छोटं लॉक दाबा आणि कार्ड सरळ ओढा. तिरकं ओढू नका. सोनेरी पट्टी रॅमसारखीच पुसा आणि 'टिक' आवाज येईपर्यंत कार्ड परत बसवा.

३. कार्डाची पॉवर केबल तपासा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या केबलमधून आणखी ७५, तर ८ पिनच्या केबलमधून १५० वॅट. त्यामुळे मोठ्या कार्डाला वेगळी केबल लागतेच. ती पूर्ण आत बसलीय का बघा. प्रोसेसरची ८ पिनची केबलही साधारण तशीच दिसते, पण तिची जोडणी वेगळी असते. ती कार्डात जबरदस्तीने घालू नका.

४. कॅबिनेट आडवं झोपवा. जड कार्ड स्वतःच्या वजनाने खाली झुकतं आणि स्लॉटमधला संपर्क सुटतो. कॅबिनेट आडवं करून, म्हणजे मदरबोर्ड खाली आणि कार्ड त्यावर उभं राहील असं ठेवून पीसी चालू करा. डिस्प्ले आला तर कार्ड मेलेलं नाही, त्याला फक्त आधार हवाय.

५. बायोस रीसेट करा. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल (सीआर२०३२) पाच मिनिटं काढून परत लावा. डीडीआर ५ रॅम असेल तर यानंतर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. घाबरून मध्येच पॉवर बंद करू नका.

६. कार्ड काढून पीसी चालवा. प्रोसेसरमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स असेल तर ही सगळ्यात कामाची तपासणी आहे. कार्ड पूर्ण बाहेर काढा, केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, पीसी चालू करा. डिस्प्ले आला तर मॉनिटर, रॅम, प्रोसेसर सगळे निर्दोष. उरले कार्ड, स्लॉट आणि कार्डाची पॉवर. डिस्प्ले तरीही आला नाही, तर कार्डाला दोष देणं थांबवा.

तिसरा टप्पा: विंडोज सुरू होत असेल तर

१. स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनवर ठिपके किंवा रेषा दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर पाठवून उघडा. ठिपके मोबाइलवरही दिसले, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे कार्ड, व्ही-रॅम किंवा ड्रायव्हर. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसलं, तर बिघाड पुढे कुठेतरी आहे: पोर्ट, केबल किंवा मॉनिटर.

२. बायोसमध्ये जाऊन बघा. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोस उघडा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच. ठिपके तिथेही दिसले तर ड्रायव्हरची सुटका झाली, दोष हार्डवेअरमध्ये आहे.

३. ड्रायव्हर मुळापासून बदला. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट टूल आहे, त्याला डीडीयू म्हणतात. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून त्याने जुना ड्रायव्हर काढा आणि कार्डाच्या अधिकृत साइटवरून नवीन टाका. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती टाकून बघा.

४. डिव्हाइस मॅनेजर उघडा. कार्डाच्या नावावर पिवळं चिन्ह आणि 'कोड ४३' दिसत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की कार्डाने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. कारण ड्रायव्हरही असू शकतं. नवीन ड्रायव्हर टाकूनही तेच आलं तर मात्र काळजी करा.

५. तापमान बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये किंवा जीपीयू-झेड या फुकट टूलमध्ये ते दिसतं. गेममध्ये ६५ ते ८० अंश सेल्सिअस नेहमीचं समजा. सतत ९० च्या आसपास जात असेल तर धूळ साफ करा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन वेडावाकडा फिरून बिघडतो.

६. लोड देऊन बघा. फरमार्क किंवा ओसीसीटी या टूलने कार्डावर १०-१५ मिनिटं ताण द्या आणि तापमानावर लक्ष ठेवा. ओसीसीटीमध्ये व्ही-रॅमची वेगळी चाचणी आहे. तिथे एरर आल्या तर कार्डाविरुद्ध तो मोठा पुरावा आहे, फक्त कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं नसावं.

७. पॉवर लिमिट कमी करा. एमएसआय आफ्टरबर्नर या टूलमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. रीस्टार्ट होणं थांबलं तर एसएमपीएस कमी पडतोय असा संशय घट्ट होतो. मी तेव्हा ही पाच मिनिटांची तपासणी केली असती तर माझे पैसे वाचले असते.

शेवटचा पुरावा: अदलाबदल

आतापर्यंत आपण संशयित कमी केले. कार्ड खराब आहे हे पक्कं म्हणायला दोन गोष्टी दिसायला हव्यात:

- तुमचं कार्ड दुसऱ्याच्या चांगल्या चालणाऱ्या पीसीमध्ये लावलं, आणि तोच त्रास तिथेही झाला.
- दुसऱ्याचं चालू कार्ड तुमच्या पीसीमध्ये लावलं, आणि त्रास गेला.

पहिलीच गोष्ट दिसली तरी बरंच कळतं. पण फक्त दुसरी दिसली तर थोडं थांबा. मित्राचं कार्ड तुमच्यापेक्षा कमी वीज खाणारं असेल, तर एसएमपीएसचा दोष लपून राहतो. मित्राच्या पीसीचा एसएमपीएस तुमच्या कार्डाला पुरेल का, हेही आधी बघा.

मित्र नसेल तर दुकानात जा, पण "काय झालंय बघा" एवढंच म्हणू नका. म्हणा, "हे कार्ड तुमच्या चालू पीसीमध्ये माझ्यासमोर लावून दाखवा." चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. कार्ड दुकानात सोडून येणार असाल तर सिरीयल नंबरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पावती घ्या.

कार्ड खरंच गेलं असेल तर?

सगळ्यात आधी बिल शोधा. आपल्याकडे नवीन कार्डांवर बऱ्याचदा ३ वर्षांची वॉरंटी असते. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड उघडू नका, स्टिकर काढू नका, थेट क्लेम करा.

वॉरंटी संपली असेल तर रिपेअरचा अंदाज घ्या. फॅन, थर्मल पेस्ट, पोर्ट, पॉवरचे छोटे भाग यांचं काम अनेकदा परवडतं. मुख्य चिप गेली असेल तर जुन्या कार्डावर खर्च करण्यात सहसा अर्थ नसतो.

आणि व्हिडिओ बघून कार्ड ओव्हनमध्ये ठेवू नका, हेअर ड्रायरने तापवू नका! ही युक्ती पसरली त्यामागे खरा दोष होता. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिपमध्ये जोडणीचं मटेरियल कमकुवत निघालं आणि कंपनीला त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. अशी तडा गेलेली जोडणी तापवल्यावर काही दिवस परत चिकटते आणि मग पुन्हा सुटते. म्हणजे दुरुस्ती होतच नाही. वर प्लास्टिक आणि केमिकलचा धूर स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये, तो वेगळाच.

सेकंड हँड कार्ड घेणार असाल, मग ते ओळखीतलं असो, ऑनलाइन असो किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो, चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड उघडून मॉडेल जुळतंय का बघा. जुन्या कार्डाला नवीन नाव देऊन विकलेला माल असेल तर बऱ्याचदा ते तिथे 'फेक' असं दाखवतं. मग १५ मिनिटं फरमार्क चालवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगमध्ये रात्रंदिवस वापरलेली बरीच कार्डं बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण फॅन आणि व्ही-रॅम नीट तपासून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कार्डाचे फॅन फिरत नाहीत, म्हणजे कार्ड गेलं का?
नाही. अनेक कार्डांचे फॅन तापमान साधारण ५०-६० अंशांच्या वर गेल्याशिवाय सुरूच होत नाहीत. गेममध्येही फिरले नाहीत तर मात्र तपासा.

फॅन फिरतायत, म्हणजे कार्ड चांगलं आहे का?
तसंही नाही. फॅनला वीज मिळतेय एवढंच त्यावरून कळतं.

इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर काम चालेल का?
अभ्यास, कोडिंग, व्हिडिओ बघणं यासाठी आरामात चालतं. त्यामुळे निर्णय घाईत घेऊ नका. कार्ड काढून ठेवा, पीसी वापरत राहा आणि पैसे जमले की शांतपणे ठरवा.

हा लेख सेव्ह करून ठेवा. ज्या दिवशी स्क्रीन काळी होईल, त्या दिवशी तो वाचायला तुमचा मोबाइलच कामाला येणार आहे! तुमच्या पीसीचं लक्षण यात बसत नसेल तर प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएसचं मॉडेल लिहून कमेंटमध्ये विचारा.